अन्न सुरक्षा कायदा: पाकिटावरच्या नंबरापासून तक्रारीच्या पोचपावतीपर्यंत

आपल्या घरात दिवसभरात पोटात काय काय जाते, याची एकदा यादी करून पाहा. सकाळी पिशवीचे दूध, पाच रुपयांचा बिस्किटपुडा, शाळेत जाताना मुलांच्या हातात कुरकुरीत पाकीट, दुपारी रेशनचा तांदूळ, किराणा दुकानातली सुटी हळद आणि तिखट, संध्याकाळी गाडीवरचा वडापाव किंवा समोसा. यातली प्रत्येक वस्तू एका कायद्याखाली येते. मॉलमध्ये गाडी घेऊन जाणाऱ्या ग्राहकासाठी जो कायदा आहे, तोच पाच रुपयांची पुडी घेणाऱ्या माउलीसाठी आहे.

हातावर पोट असलेल्या घरात जुलाब-उलटीचे एक दुखणे आले की तीन-चार दिवसांची मजुरी बुडते, औषधाला उसने पैसे काढावे लागतात आणि लहान मूल असेल तर जिवावरही बेतते. म्हणून हा कायदा वकिलांवर सोडून चालणार नाही. महिला मंडळाच्या बैठकांमध्ये आम्हाला याबद्दल नेहमी जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्याच क्रमाने या लेखात माहिती देत आहोत.

कायदा कोणता आणि तो कोण राबवतो?

पूर्वी आपल्या देशात १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. फळांचे पदार्थ, मांस, दूध यांसाठी वेगवेगळे आदेश होते आणि ते वेगवेगळ्या खात्यांकडे होते. हे सगळे एकत्र करून संसदेने अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ केला. तो ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला. लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये लिहिलेले आहे. अन्नाचे कायदे हे त्या कर्तव्याचाच भाग आहेत.

नियम आणि मानके ठरवण्याचे काम दिल्लीतील भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय करते. आपल्या राज्यात अंमलबजावणी करते ते अन्न व औषध प्रशासन, ज्याला आपण एफडीए म्हणतो. जिल्ह्याच्या कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) असतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी असतात. दुकानात येऊन नमुना घेणारा अधिकारी तो हाच. नमुना तपासतो तो प्रयोगशाळेतला अन्न विश्लेषक.

कायदा कोणाला लागू आहे? नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सरकारी, अन्न तयार करणे, साठवणे, वाहून नेणे, वाटणे किंवा विकणे, हे सगळे यात आले. म्हणजे मोठा कारखाना, किराणा दुकान, खानावळ, शाळेचा पोषण आहार, चहाची टपरी आणि फुकट भोजनदान करणारे मंडळसुद्धा.

‘भेसळ’ एकच, पण कायद्यात तीन नावे

आपण सरसकट ‘भेसळ’ म्हणतो. कायदा तीन गोष्टी वेगळ्या मानतो आणि तक्रार करताना हा फरक माहीत असावा लागतो.

पहिले, असुरक्षित अन्न. ज्याने प्रकृतीला अपाय होतो ते. हळदीत विषारी रंग, कपड्याच्या रंगाने रंगवलेली मिठाई, किडलेले, सडलेले धान्य. याला सर्वांत कडक शिक्षा आहे. असे अन्न खाऊन माणूस दगावला तर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय किमान १० लाख रुपये दंड.

दुसरे, कमी दर्जाचे अन्न. ठरवलेल्या मानकात बसत नाही, पण खाल्ल्याने अपाय होईलच असे नाही. दुधात पाणी घातले, स्निग्धांश कमी भरला, हे यात येते. दंड पाच लाखांपर्यंत.

तिसरे, मिथ्याछाप. माल ठीक असेल, पण लेबल खोटे किंवा अपुरे आहे. दंड तीन लाखांपर्यंत. फसव्या जाहिरातीला तर १० लाखांपर्यंत दंड आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते दुधाच्या उदाहरणावरून पाहू. ‘बाजारातले सगळे दूध युरियाचे असते’ असे मोबाइलवर फिरत असते आणि ते वाचून काही आया मुलांचे दूधच बंद करतात. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यात युरिया, डिटर्जंट यांसारख्या आरोग्यास घातक भेसळीचे १२ नमुने निघाले. उलट ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. ते बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात उतरते. स्निग्धांश वगैरे दर्जाच्या कसोटीत कमी पडलेले नमुने मात्र पुष्कळ होते. म्हणजे पैसे पूर्ण घेऊन पातळ दूध देणे हा रोजचा प्रश्न आहे आणि त्याची तक्रार करायलाच हवी. पण अफवेपायी मुलाच्या तोंडचे दूध काढू नका.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावर एफएसएसएआयचे चिन्ह आणि त्याखाली १४ आकड्यांचा नंबर असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना आहे, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी आहे. नंबर खरा की खोटा, हे एफएसएसएआयच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर नंबर टाकून कोणालाही तपासता येते. शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम सांगा, दोन मिनिटांत होते. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावरही छापणे बंधनकारक आहे.

त्याशिवाय पाकिटावर या गोष्टी असल्याच पाहिजेत: पदार्थाचे नाव, घटकांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो.

घटकांची यादी वाचण्याची एक युक्ती आहे. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला लिहावा लागतो. ‘शक्ती’, ‘वाढ’, ‘हुशारी’ असे शब्द वर मोठ्या अक्षरांत छापलेली पावडर उलटी करून पाहा. पहिल्या दोन-तीन घटकांत साखर दिसली, तर आपण मुलाला महागडी साखर पाजत आहोत. ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा कोणताही प्रकार अन्न सुरक्षा कायद्यात नाही. ते नाव जाहिरातीचे आहे.

ओआरएस: एका शब्दाने काय होते

लेबलचा प्रश्न किती जिवावरचा आहे, हे ओआरएसवरून कळते. मुलाला जुलाब लागले की आई मेडिकलमध्ये जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणते. कित्येक वर्षे तिच्या हातात सुंदर चित्राचा, फळांच्या चवीचा तयार डबा दिला जात होता. त्यावर ओआरएस हा शब्द ठळक असायचा, पण आत गोड पेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम हे प्रमाण असते. हे प्रमाण नेमके असले तरच आतडे पाणी शोषून घेते. साखर फार जास्त झाली तर ती उलट अंगातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. नर्सिंगच्या नोकरीत असताना, ‘दोन दिवस ओआरएस पाजतोय तरी पोरगी सुकतच चाललीय’ असे सांगणारे पालक आम्ही पाहिले आहेत. डबा दाखवा म्हटले की हातात गोड पेय निघायचे. त्यांनी पैसेही जास्त मोजलेले असायचे. सरकारी दवाखान्यात तर खरी पुडी फुकट मिळते.

हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीला ‘हे ओआरएस नाही’ असा बारीक इशारा छापायच्या अटीवर कंपन्यांना मुभा होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने ती मुभा काढून घेतली आणि कोणत्याही खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली.

तुमच्यासाठी साधी खूण सांगतो. खरे ओआरएस हे औषध आहे. त्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो आणि डब्ल्यूएचओ सूत्र असे लिहिलेले असते. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर दिसला तर ते अन्न आहे, औषध नाही. जुलाब झालेल्या मुलाला ते देऊ नका.

सुटे घेताना

वस्तीत बहुतेक खरेदी सुटी असते, म्हणून हा भाग नीट वाचा.

तेल: सुटे खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे. तेल सीलबंदच विकले पाहिजे. लहान पाउच मिळतात, ते घ्या. डब्यातून पळीने ओतून दिलेल्या तेलात काय मिसळले आहे आणि ते कोणाचे आहे, याचा कुठलाही पुरावा तुमच्या हातात राहत नाही.

मीठ: खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकता येत नाही. गर्भवती बाईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. दोन रुपये वाचवण्यासाठी खडे मीठ घरात आणू नका.

मिठाई: सुट्या मिठाईच्या ट्रेजवळ ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. तारीख नसेल तर विचारा.

तळण: एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे वाढतात. त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवलेली आहे. ती मोजायला यंत्र लागते, पण काळे पडलेले, घट्ट झालेले, फेस आणि धूर येणारे तेल डोळ्यांनाही कळते.

वर्तमानपत्राचा कागद: छपाईच्या शाईत शिशासारखी द्रव्ये असू शकतात आणि गरम, तेलकट भज्याला शाई लगेच लागते. अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरण्यास २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे.

फळे: कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवून आंबा, केळी पिकवणे हा गुन्हा आहे.

घरी काही चाचण्या करता येतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर तिखट टाका. विटेची भुकटी असेल तर तळाशी बसते. तळाचा गाळ बोटांवर चोळला तर खरखरतो. पाण्यात हळद टाकली आणि पाणी गडद पिवळे झाले तर रंगाचा संशय घ्या; शुद्ध हळद पाण्याला फिकट पिवळी छटा देऊन खाली बसते. दुधाचा थेंब गुळगुळीत तिरप्या पृष्ठभागावर सोडला की शुद्ध दूध सावकाश ओघळते आणि मागे पांढरी रेघ ठेवते. पाणी घातलेले दूध रेघ न ठेवता पटकन वाहून जाते. मात्र या चाचणीने संशय येतो, गुन्हा सिद्ध होत नाही. पाण्याचा ग्लास हातात घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पुरावा फक्त प्रयोगशाळेचा अहवाल.

रेशनचा तांदूळ ‘प्लास्टिकचा’ नाही

गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे आले आणि वस्त्यावस्त्यांतून आरोळी उठली की प्लास्टिकचा तांदूळ आला. अनेकींनी ते दाणे निवडून फेकले. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर बनवलेले दाणे आहेत. साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळतात. अशा पोषणयुक्त मालाच्या पोत्यावर किंवा पाकिटावर ‘प्लस एफ’ हे निळे चिन्ह असते. प्लास्टिक विस्तवावर वितळते आणि त्याचा वास येतो. हा दाणा भातासारखा शिजतो. रक्त कमी असलेल्या आपल्या मुलींच्या ताटातून हे दाणे बाहेर काढू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्या आहारातील लोहाबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारा. विदर्भातल्या आपल्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

रेशनमध्ये किडका, कुजका माल आला तर तो मात्र घेऊ नका. त्याची तक्रार कुठे करायची ते पुढे दिले आहे.

गुटखा आणि खर्रा

तंबाखू किंवा निकोटीन हा कोणत्याही खाद्यपदार्थाचा घटक असू शकत नाही, असा अन्न सुरक्षा नियम आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना आहे. त्याच अधिकारात महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा, पानमसाला यांवर बंदी आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली आहे. बंदी असूनही टपरीवर माल मिळतो हे आपण सगळे जाणतो. शाळेजवळ असा माल विकला जात असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करा. तोंड उघडायला त्रास, गालाच्या आत पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, यातले काही दिसले तर त्याच आठवड्यात दंतविभागात दाखवा.

घरातून किंवा गाडीवर विकणाऱ्या भगिनींसाठी

वस्तीत आपण नुसते खाणारे नाही, विकणारेही आहोत. कोणी डबे देते, कोणी पोहे-समोशाची गाडी लावते, कोणी पापड-चटणी करून विकते. कायद्याच्या धाकाने धंदा बंद करू नका, नोंदणी करा.

२०११ च्या नियमांप्रमाणे वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकाला परवाना लागत नाही, नुसती नोंदणी पुरते. त्या नियमांत नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले होते. मर्यादा आणि शुल्क यांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी फॉसकॉसवर पाहून घ्या. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर अर्ज भरता येतो. एजंट हजार-दोन हजार मागतात, ते देऊ नका.

त्याच नियमांप्रमाणे अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो किंवा तपासणीची नोटीस द्यायची असते. सात दिवसांत काहीच झाले नाही, किंवा तपासणी होऊनही तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर धंदा सुरू करता येतो. म्हणून अर्जाची पावती जपून ठेवा.

नोंदणी म्हणजे रस्त्यावर बसण्याची परवानगी नव्हे, हेही समजून घ्या. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि नगर पथविक्रेता समिती आहे. दोन्ही कागद वेगळे आहेत आणि दोन्ही हवेत.

अधिकारी नमुना घ्यायला आले तर घाबरू नका. नमुन्याची बाजारभावाने किंमत त्यांनी तुम्हाला द्यायची असते. साक्षीदार बोलवायचा असतो. नमुन्याचे चार भाग करून सील करायचे असतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा भाग, तुम्ही मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अहवाल तुमच्याविरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील करता येते. अधिकाऱ्याने कारण नसताना त्रास दिला तर त्यालाही एक लाखापर्यंत दंड आहे. पण खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाही दंड होतो, तेव्हा जे घडले तेवढेच लिहा.

कार्यपद्धती नीट पाळली नाही तर मोठे प्रकरणही कोर्टात टिकत नाही. जून २०१५ मध्ये एफएसएसएआयने शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सवर बंदी घातली. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांची मान्यता नियमाप्रमाणे नव्हती, ही त्याची कारणे होती. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला सांगितले. पुढे २०१७ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी अहवालात नोंदवले की त्यांनी पाहिलेल्या राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना आवश्यक मानांकनच नव्हते. कायदा कागदावर कितीही चांगला असला तरी प्रयोगशाळा आणि माणसे नसतील तर तो वस्तीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या मागण्यांत ‘जिल्ह्याला सुसज्ज प्रयोगशाळा आणि भरलेली पदे’ ही मागणी म्हणूनच असली पाहिजे.

भोजनदान करताना

१४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी आपली मंडळे हजारो लोकांना जेवण, खीर, सरबत वाटतात. हे अन्न फुकट असले तरी कायद्याच्या बाहेर नाही. मंडळाने आधी नोंदणी करावी, किंवा नोंदणी असलेल्या आचाऱ्याकडून स्वयंपाक करून घ्यावा.

सर्वांत जास्त काळजी खिरीची घ्या. वैशाखाच्या उन्हात दुधाची खीर दोन तासांपेक्षा जास्त वेळ तशीच ठेवू नका. रात्री करून सकाळी वाटायची असेल तर पुरेशी थंड ठेवण्याची सोय हवी, नाहीतर सकाळीच करा. भातही तसाच. आदल्या दिवशीचा बाहेर राहिलेला भात पुन्हा फोडणीला टाकून वाटू नका, कारण त्यातल्या काही जंतूंचे विष गरम केल्यावरही नष्ट होत नाही. हातावर गळू, जखम किंवा जुलाब असलेल्या व्यक्तीला वाढायला उभे करू नका. पिण्याच्या पाण्याचा टँकर कुठून भरला ते विचारा. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. काही घडले तर खरे कारण त्यातूनच सापडते.

विषबाधा झाली तर

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा आधीच तयार झालेल्या विषाचा परिणाम असतो. काही वेळा जुलाब-ताप दुसऱ्या दिवशी येतो. लगेच ओआरएस सुरू करा. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त आले, पाणीही पोटात ठरेना, गर्भवती बाई किंवा म्हातारे माणूस आजारी पडले, तर घरी थांबू नका, दवाखान्यात न्या.

दवाखान्यात गेल्यावर केसपेपरवर ‘काय खाल्ले, कुठून घेतले, किती वाजता खाल्ले’ हे लिहायला सांगा. नुसते ‘जुलाब-उलटी’ लिहिलेला कागद पुढे उपयोगी पडत नाही. उरलेले अन्न, पाकीट, बिल फेकू नका. सोबत खाल्लेल्या सगळ्यांची यादी करा, आजारी न पडलेल्यांचीसुद्धा.

असुरक्षित अन्नाने इजा झाली तर भरपाईची तरतूद याच कायद्यात आहे: मृत्यू झाल्यास वारसांना किमान पाच लाख, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत.

कोणत्या दारात जायचे?

‘अन्न’ हा शब्द दोन-तीन खात्यांच्या नावात आहे, म्हणून लोक चुकीच्या कार्यालयात जातात आणि हेलपाटे घालून दमतात.

भेसळ, अस्वच्छता, खोटे लेबल, मुदत संपलेला माल: अन्न व औषध प्रशासन. निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५. एफएसएसएआयचा क्रमांक १८००११२१००.

रेशनचा खराब किंवा कमी माल, पावती न देणे: तहसील किंवा शिधावाटप कार्यालयातील पुरवठा अधिकारी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारीही असतो.

वजनात मारणे, छापील किमतीपेक्षा जास्त घेणे: वैधमापन शास्त्र कार्यालय.

नळाला घाण पाणी: नगरपालिका किंवा महानगरपालिका.

पैसे परत किंवा नुकसानभरपाई हवी असेल: ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

स्वतःहून नमुना तपासून घेण्याचा हक्कही कलम ४० ने ग्राहकाला दिला आहे. त्यासाठी माल घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते आणि शुल्क भरावे लागते. नमुना दोषी निघाला तर ते शुल्क परत मिळते.

तक्रार शक्यतो लेखी द्या. त्यात दुकानाचे नाव व पत्ता, तारीख-वेळ, वस्तूचे नाव, बॅच क्रमांक, १४ आकडी नंबर आणि काय घडले ते चार ओळींत लिहा. बिलाची आणि पाकिटाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून १४ दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यायचा असतो. महिनाभर काही कळले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ‘माझ्या तक्रारीवर काय कारवाई केली, नमुना घेतला का, अहवाल काय आला’ असे विचारा. त्याला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. एका बाईच्या तक्रारीपेक्षा वीस सह्यांच्या तक्रारीची दखल लवकर घेतली जाते, असा आमचा अनुभव आहे.

पुढच्या बैठकीत करायचे काम

विहारात महिला मंडळाची पुढची बैठक असेल तेव्हा प्रत्येकीने घरातले एक रिकामे पाकीट सोबत आणावे. नंबर, तारीख आणि पहिले तीन घटक मोठ्याने वाचावेत. शिकलेल्या मुलीने दोन नंबर फॉसकॉसवर तपासून दाखवावेत. वरचे दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर खडूने लिहून ठेवावेत. ज्या भगिनी पदार्थ विकतात त्यांची यादी करून नोंदणीचे अर्ज एकाच दिवशी एकत्र भरावेत. आणि वस्तीतल्या एका-दोन जणींनी तक्रारींची वही ठेवावी: तारीख, कोणाची तक्रार, कुठे दिली, पोच मिळाली का, पुढे काय झाले. सहा महिन्यांनी ती वही उघडून पाहिली की आपल्या वस्तीत कायदा किती चालतो आणि कुठे अडतो, हे लिहिलेले समोर दिसेल. पुढचे निवेदन त्याच वहीवरून लिहा.